पोराच्या हाती पुस्तकाबरोबर पळीही द्या

जुलै-ऑगस्ट उजाडला की आमच्या उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये एक आनंदाची गोष्ट घडू लागते. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली, कुठल्या ना कुठल्या बुद्धविहारात एखाद्या मुलाचा नाहीतर मुलीचा सत्कार होतो. कुणी लंडनला निघालेले असते, कुणी अमेरिकेला. ज्यांच्या आजोबांनी गोदीत हमाली केली, ज्यांच्या आईने चार घरची धुणीभांडी केली, त्यांची लेकरे विमानात बसताना पाहून ऊर भरून येतो. पुष्पगुच्छ दिला जातो, बाबासाहेबांचा एखादा ग्रंथ भेट दिला जातो, चार वडीलधारी माणसे उपदेश करतात. व्हिसा झाला का, फीचे काय, राहायची सोय झाली का, असे सगळे प्रश्न विचारले जातात.

पण एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. "बाळा, तुला भात लावता येतो का?"

वाचक बंधू-भगिनींना हसू येईल. एवढे मोठे शिक्षण घ्यायला निघालेल्या मुलाला हा काय प्रश्न विचारायचा! परंतु गेली काही वर्षे परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांशी आमचे बोलणे होत आले आहे आणि आमचे मत असे झाले आहे, की हा प्रश्न फीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्या मुलाला जे रडू येते ते इंग्रजीमुळे येत नाही, अभ्यासामुळे तर नाहीच नाही. ते पोटामुळे येते.

या बाबतीत आपल्या सर्वांपुढे बाबासाहेबांचे उदाहरण आहे. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि त्यातूनच घरीही पैसे धाडायचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते प्रथम उतरले, पण तिथले अन्न त्यांना मानवेना. थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली.

पुढे १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन दिसले. हे दिवस कसे गेले ते त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. खाणावळीची मालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी पावाचा तुकडा नि चहा, तेवढ्यावर दिवसभर ग्रंथालयात बसायचे. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि वेळही नाही. रात्री परत आल्यावर पातळ बोव्हरील. मग अभ्यास करता करता रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. इकडे परळच्या चाळीत रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. अशा रीतीने १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

हा प्रसंग आपण १४ एप्रिलच्या भाषणात पुष्कळदा ऐकतो. टाळ्या वाजवतो. परंतु त्यातून काय घ्यायचे याचा विचार करीत नाही. काही वक्ते मुलांना सांगतात, "बाबासाहेब उपाशी राहून शिकले, तुम्हीही उपाशी राहा." आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेब उपाशी राहिले कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्या लेकरांवर ती वेळ येऊ नये म्हणूनच त्यांनी पुढचे सगळे आयुष्य वेचले. पत्र्यावर भाजलेले ते पापड आमच्या लेखी उपासाचे कौतुक सांगत नाहीत. स्वतःची चूल हाताशी नसलेल्या विद्यार्थ्याचे कसे हाल होतात, ते सांगतात. पुढे बाबासाहेबांना स्वतः रांधायची आवड होती आणि आल्यागेल्याला ते आपल्या हातचे करून खाऊ घालीत, हेही त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. एवढा मोठा विद्वान, देशाचा कायदेमंत्री, त्याला पळी हातात धरायची लाज वाटली नाही!

आज परिस्थिती बदलली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीत दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची सोय आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. शिवाय बँकेचे कर्ज काढून, आईचे दागिने मोडून जाणारीही मुले आहेत. तिकडच्या विद्यार्थी वसतिगृहांत बहुतेक ठिकाणी पाच-सहा मुलांमिळून एक स्वयंपाकघर असते. शेगडी आहे, फ्रीज आहे, चोवीस तास पाणी आहे. म्हणजे बाबासाहेबांना जे मिळाले नाही ते आमच्या मुलाला मिळाले आहे. आणि तरीही तो पाव आणि वेफर्सवर दिवस काढतो. का? तर त्याला कांदा चिरता येत नाही.

आम्ही पडलो हिशेबाच्या धंद्यातले. तेव्हा हिशेबच मांडू. लंडनमध्ये बाहेर एक वेळ साधे जेवायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात किलोभर तांदूळ, अर्धा किलो मसूर डाळ, कांदे आणि अर्धा डझन अंडी येतात. म्हणजे एका जेवणाच्या किमतीत किमान तीन दिवसांचे पोट भरते. शिष्यवृत्तीचा हप्ता मागेपुढे झाला, तर ज्याला रांधता येते तो महिना काढतो. ज्याला येत नाही तो उसनवारी करतो, नाहीतर काम शोधतो. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आणि ते वीस तासही कशासाठी जातात? बाहेरच्या जेवणाचे बिल भरण्यासाठी! त्याच तासांत ग्रंथालयात बसता आले असते. शिवाय पोट बिघडले की परीक्षा बिघडते, हे वेगळे सांगायला नको.

आता मुलांना रांधता का येत नाही, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. दोष मुलांचा थोडा आणि आपला जास्त. घरात एकच खोली. आई पहाटे साडेचारला उठते, डबे करते, मग कामावर जाते. कित्येक आया तर दिवसभर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटतात आणि संध्याकाळी येऊन पुन्हा घरचा स्टो पेटवतात. मुलगा पोटमाळ्यावर अभ्यास करीत असतो. "त्याला उठवू नका, तो शिकतोय," असे आई सांगते. ताट त्याच्या पुढ्यात येते आणि उष्टे ताट त्याची बहीण उचलते. तीही शिकतच असते बरे का! पण तिला कुणी सांगत नाही, की तू बस, तू शिकतेस.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला आपण मनुस्मृती जाळली. ती जाळली तरी तिचे एक पान कित्येक घरांच्या मोरीशेजारी अजून चिकटून राहिले आहे, असे आम्हाला वाटते. गंमत पाहा, १४ एप्रिलला वस्तीत भोजनदान असले की शंभर किलोच्या पातेल्यात भाजी ढवळायला पुरुषच पुढे असतात. आमच्यातले कित्येक जण कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. म्हणजे पुरुषाच्या हाताला चव नाही असे नव्हे. हजार माणसांसाठी रांधताना मोठेपणा वाटतो आणि चौघांसाठी रांधताना कमीपणा वाटतो, एवढेच.

याची किंमत शेवटी आईच मोजते. आमच्या ओळखीची एक ताई आहे, घाटकोपरच्या एका वस्तीत राहते, साफसफाईच्या कामाला जाते. मुलगा इंग्लंडला गेला. तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. मुलगा कॉलेजातून येऊन शेगडीपुढे उभा राहायचा आणि फोन लावायचा, "आई, फोडणीत आधी काय टाकू? मोहरी का कांदा?" ही माऊली अंधारात, बाकीची झोपमोड होऊ नये म्हणून दाराबाहेर पायरीवर बसून सांगायची, "आधी तेल तापू दे रे राजा. मोहरी तडतडली की मग जिरं, मग कांदा. घाई करू नको." पाऊण तास फोन चालायचा आणि साडेचारला पुन्हा उठायचे. असे तीन महिने चालले. आम्ही तिला म्हणालो, "ताई, मोबाइलवर रांधायचे व्हिडिओ असतात, ते बघायला सांग त्याला." ती म्हणाली, "भाऊ, व्हिडिओ त्याला दिसतो, पण त्याची भाजी करपली ती व्हिडिओला कुठं दिसते?" बोलणे खरे होते. हाताचे काम हाताशेजारी उभे राहूनच शिकायचे असते आणि ते निघण्याआधी शिकायचे असते.

म्हणून आमची सूचना अशी, की शिष्यवृत्तीचा अर्ज भरला त्या आठवड्यापासूनच घरात शिक्षण सुरू करावे. दोन महिने पुरतात. पहिल्या पंधरवड्यात भात आणि वरण. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे सूत्र पाठ झाले पाहिजे. मसूर डाळ मुद्दाम शिकवावी, कारण ती तिकडच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते आणि कुकरशिवाय वीसेक मिनिटांत शिजते. दुसऱ्या पंधरवड्यात फोडणी, कांदा-बटाटा, कोबी, अंड्याची भाजी. तिसऱ्यात कोंबडीचा रस्सा आणि कडधान्ये. चौथ्यात पोळी किंवा भाकरी. भाकरी नाही जमली तरी चालेल, गोल नसली तरी पोटात गेल्यावर कुणी विचारीत नाही. आणि या दोन महिन्यांत आठवड्यातून एक दिवस मुलाने सगळ्या घराचा स्वयंपाक करावा, भांडीही घासावीत. आईने त्या दिवशी बसून राहावे. हे तिला सर्वांत अवघड जाईल!

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत, त्या नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, उरलेला भात तसाच ओट्यावर रात्रभर ठेवू नये. शिजलेला भात उघड्यावर राहिला तर त्यात विष तयार होते आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. भात तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. दुसरी, राजमा. सुका राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळून मग मऊ होईपर्यंत शिजवलाच पाहिजे. अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्यांनी माणूस आडवा होतो. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याला ही भीती नाही.

सामानाचेही थोडे सांगतो. तीन लिटरचा कुकर न्यावा आणि त्याची जास्तीची रिंग व शिट्टी बरोबर ठेवावी. तिकडे गॅसपेक्षा विजेच्या शेगड्या पुष्कळ. इंडक्शनच्या शेगडीवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तर तो चालेल, असे समजावे. विजेची जुनी शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा पाच मिनिटे आधीच बंद करावी. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्टचा आहे, तिथे आपला मिक्सर नेणे व्यर्थ. पेढे, तूप, मटणाचे लोणचे असे दुधामांसाचे पदार्थ इंग्लंडमध्ये नेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून द्यावी लागते, लपवली तर मोठा दंड बसतो. तेव्हा आजीने प्रेमाने दिलेली पुरचुंडी विमानतळावर कचऱ्यात जाण्यापेक्षा आधीच नियम पाहावेत.

मग न्यावे काय? आपल्याच आज्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कोकणातल्या घरांत कुळथाचे पीठ असते. पाणी, तिखट, मीठ, लसूण आणि दोन चमचे पीठ, दहा मिनिटांत पिठले तयार. मराठवाड्यातल्या घरांत येसूर असतो. भाजलेले धान्य, डाळी आणि मसाले दळून केलेले हे पीठ महिनोन्‌महिने टिकते आणि कुठल्याही रश्श्याला अंग देते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात आपल्या लोकांचे हे सगळे खाणे मांडून ठेवले आहे. ज्या खाण्याला लोकांनी नाके मुरडली त्याचा ग्रंथ झाला, तो पुढे इंग्रजीतही गेला. गरिबीने आपल्याला थोड्यात भागवायची विद्या शिकवली. ती विद्या परदेशात शिकणाऱ्या मुलाच्या उपयोगी पडते, हे त्याला अभिमानाने सांगावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. तिकडचे स्वयंपाकघर सामाईक असते. फोडणीचा धूर झाला की आगीची घंटा वाजते आणि सगळी इमारत थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहते. म्हणून पंखा लावावा, खिडकी उघडावी, घंटेवर कापड मात्र कधीही बांधू नये. ओटा पुसून ठेवावा. हा झाला शेजारधर्म. परंतु कधीकधी आपल्याच देशाची मुले एकत्र घर घेतात आणि तिथे वेगळाच धूर निघतो. "आडनाव काय?" "आमच्या भांड्यांना हात लावू नकोस." "इथे फक्त शाकाहारी." सात समुद्र ओलांडले तरी ज्यांनी जात सामानात बांधून नेली, त्यांची ती स्वयंपाकघरात आधी बाहेर पडते. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु भांडे वेगळे ठेवण्यामागे चव आहे की विटाळ आहे, हे ओळखायला आपल्याला पुस्तक लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांची आपण मुले आहोत.

अशा वेळी मुलाने भांडत बसू नये आणि मान खाली घालून खोलीत पावही खात बसू नये. घर बदलता आले तर बदलावे, विद्यापीठाच्या कचेरीत लेखी तक्रार करावी. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला आहे. म्हणजे तिकडच्या सरकारदरबारीही हा विषय आता पोहोचला आहे. आणि ज्याला स्वतः रांधता येते त्याला कुणाच्या पंगतीत बसण्यासाठी आर्जव करावे लागत नाही. उलट तोच चार जणांना बोलावतो. नायजेरियाचा, व्हिएतनामचा, आपल्याच पंजाबचा मुलगा त्याच्या कुकरभोवती जमतो. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना भेटले. तसा जिवाभावाचा मित्र एका ताटात बसल्याशिवाय कसा मिळणार?

आमच्या विहारात आम्ही चार-पाच जणांनी रविवारच्या अभ्यासवर्गाला जोडून एक तास स्वयंपाकाचा ठेवला आहे. एक शेगडी, दोन कुकर आणि शिकवायला कॅन्टीनमधून निवृत्त झालेले एक काका. खर्च नगण्य. प्रारंभी मुले लाजली, आता कांदा कोण बारीक चिरतो याची चढाओढ लागते. परदेशी जाणारा त्यातला एखादाच. बाकीची इथेच नोकरी करतील, संसार करतील. पण त्यांच्या घरात पहाटे साडेचारला उठणारी बाई एकटी नसेल, हेही आम्हाला काही थोडे वाटत नाही. प्रत्येक विहाराने हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मातांनो, मुलावरचे प्रेम त्याला आयते ताट देऊनच दाखवता येते असे नाही. आज त्याच्या हातात पळी दिली, तर उद्या परक्या मुलखात, बर्फ पडत असताना, पुस्तक मिटून तो उठेल, दोन मुठी तांदूळ धुवील आणि पोटभर जेवून पुन्हा पुस्तक उघडील. आणि तुम्ही इकडे रात्री शांत झोपाल. जयभीम!